राजाश्रय, लोकाश्रय आणि आमच्या मुली

भोपाळच्या जवाहर चौकात सकाळी सात-साडेसातच्या सुमारास पोह्यांच्या गाडीपाशी आम्हा चार-पाच निवृत्त मंडळींची बैठक भरते. बैठक उभ्याउभ्याच होते आणि विषयही पोह्यांवरच्या शेवेसारखे चिमूटचिमूट असतात. कोणाचे गुडघे, कोणाची पेन्शन, कोणाच्या घरचे मंगलकार्य. परवा एका जुन्या स्नेह्यांनी मोठ्या अगत्याने विचारले, "काय हो, नात अजून तो चेंडू घेऊन जाते का?" मी म्हणालो, "जाते तर! यंदा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात निवड झाली तिची." त्यांना खरोखरच आनंद झाला. "वा, वा! म्हणजे आता रेल्वेत लागायला हरकत नाही!"

या वाक्यात वाईट असे काही नाही. किंबहुना मुलीचे कल्याण व्हावे हीच इच्छा त्यात आहे. बैठकीतील इतरांनीही माना डोलावल्या, आणि खरे सांगायचे तर सवयीने मीही डोलावली. पण घरी परतताना तो प्रश्न माझ्या मागोमाग आला. मुलगी चांगली खेळते हे कळल्यावर ती पुढे कोठे खेळणार, तिचे सामने केव्हा असतात, ते पाहायला जाता येईल काय, यांपैकी एकही गोष्ट आम्हा पाचांपैकी कोणाच्या तोंडी आली नाही. खेळ हा नोकरीच्या दारापर्यंत नेणारा टांगा. दार आले की टांग्यातून उतरायचे, असा आमचा सगळ्यांचा न बोलता ठरलेला हिशेब आहे. हा हिशेब चुकीचा आहे, असे मला आता वाटू लागले आहे. ते वाटायला फार उशीर झाला, हेही मी आधीच कबूल करतो.

आम्ही मूळचे ग्वाल्हेरकर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली, आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर येथील कचेऱ्यांमधून कारकुनांची, हेडक्लार्कांची बिऱ्हाडे या गावी येऊ लागली. आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ते मध्य भारत सरकारच्या नोकरीत होते. तेही आले. दोनतीन वर्षांत तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर मिळाले. येवल्यात जन्मलेल्या आणि शिवपुरीस फासावर गेलेल्या त्या वीराच्या नावाने वसवलेल्या नगरात शेजारी नागपूरकर, पलीकडे इंदूरकर, अशी आमची मराठी वस्ती जमली. ज्या क्वार्टरात मी वाढलो ते स्मार्ट सिटीच्या कामात पाडले गेले. चौक मात्र जागच्या जागी आहे.

माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती कॉलेजात बास्केटबॉल खेळत असे. त्या काळी मुली सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला आवळून खेळत. ताईची उंची घरातल्या बायकांना काळजीत टाकण्याइतकी होती, पण मैदानावर त्याच उंचीमुळे तिला मान होता. १९६२ साली तिच्या संघाला जबलपूरला सामन्यासाठी जायचे होते. त्याच आठवड्यात तिला दाखवण्याचा कार्यक्रम ठरला. नानांनी मला सांगितले, "जा, ताईला घेऊन ये. म्हणावे, आता पुरे झाले." मी सोळा वर्षांचा होतो. निरोप सांगण्यात मला थोडी फुशारकीही वाटली असावी. ताईने हातातला चेंडू शेजारच्या मुलीकडे दिला, कॅनव्हासचे बूट पिशवीत घातले आणि ती माझ्यामागून घरी आली. वाटेत ती काही बोलली नाही. पुढे लग्न झाले, संसार उत्तम झाला, आज ती नागपुरात नातवंडांत आहे. कोणी कोणावर अन्याय केला असे त्या वेळी आमच्या घरात कोणालाच वाटले नाही. तिने पुन्हा त्या खेळाचा विषय काढला नाही, आणि आम्ही त्याचा अर्थ तिला विसर पडला असा घेतला.

नानांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या भोपाळवर १८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षे सोडता, बेगमांनी राज्य केले, जेथील राजकन्या आबिदा सुलतान पोलो आणि हॉकी खेळली, त्याच भोपाळात कारकुनाच्या मुलीला जबलपूरला जाता येत नव्हते. राजवाड्याची रीत निराळी आणि क्वार्टराची निराळी. खेळाला आश्रय लागतो. तो राजवाड्यातील मुलीला घरातच होता. आमच्या मुलींना तो कोठून मिळावा, हा खरा प्रश्न आहे.

आश्रय म्हटले की संस्थानी शहरांतील आम्हा मराठी माणसांच्या मनात एकच शब्द उभा राहतो, तो राजाश्रय. कुस्ती म्हटली की शाहू महाराजांचे कोल्हापूर, आणि क्रिकेट म्हटले की होळकरांचे इंदूर. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी आपल्या फौजेत हुद्दा दिला. मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्यासारखे मोहरे जमवले, आणि होळकर संघाने १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत रणजी करंडक चार वेळा जिंकला. हे सांगताना आमची छाती अजून फुगते. पण त्या कथेचा शेवट आम्ही फारसा सांगत नाही. संस्थान गेले, आणि काही वर्षांतच होळकर संघाचे नावही स्पर्धेतून नाहीसे झाले. धनी गेला की आश्रित उघडा पडतो, हा राजाश्रयाचा नियमच आहे.

आजच्या काळी भारतातील बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना जो राजाश्रय आहे तो बव्हंशी रेल्वेचा. राष्ट्रीय स्पर्धेत महिलांच्या विभागात रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे अग्रभागी राहिला, याचे कारण उघड आहे. देशभरातील चांगल्या मुली नोकरीसाठी तेथे जातात. ही नोकरी तुच्छ लेखण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मी स्वतः सरकारी पेन्शनीवर पोहे खातो. रेल्वे नसती तर हा खेळ मुलींच्या हातून केव्हाच निसटला असता. जवळचेच उदाहरण घ्यायचे तर भिलाईचे दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल. पोलाद कारखान्याच्या त्या गावात त्यांनी साध्या घरांतील मुलींच्या पिढ्या घडवल्या आणि त्यांच्या संघांनी राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदकांची रास घातली. त्यातील कित्येकींच्या घरी चूल पेटली ती याच खेळामुळे मिळालेल्या नोकरीवर. याला हसणारा मनुष्य करंटाच म्हटला पाहिजे.

परंतु नोकरी खेळाडूला पगार देते, हंगाम देत नाही. या दोहोंतील फरक मला माझ्या नातीने शिकवला. मी एकदा सहज विचारले, "गेल्या वर्षी एकंदर किती सामने खेळलीस ग?" ती बोटांवर मोजून म्हणाली, "आबा, अकरा. त्यातले नऊ दोन स्पर्धांत मिळून आठ दिवसांत." बाकीचे वर्ष? सराव. पहाटे उठायचे, धावायचे, शंभर वेळा चेंडू रिंगेत टाकायचा, आणि कशासाठी ते ठाऊक नसताना पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच करायचे. गायकाने वर्षभर रियाज करावा आणि मैफल मात्र गणपतीच्या दहा दिवसांतच व्हावी, तीही मंडळाच्या मर्जीने, तसे हे झाले.

राष्ट्रीय संघाचीही कहाणी फारशी निराळी नाही. २०१७ च्या जुलैत बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना झाला. भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरवले आणि पहिल्या श्रेणीत पाऊल टाकले. त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे तिने भारताचे कर्णधारपदही सांभाळले. केवळ दोन गुणांनी मिळालेला तो विजय! आपल्यापैकी किती घरांत त्या रात्री त्याचा उच्चार झाला? माझ्या घरात झाला नाही. पहिल्या श्रेणीत गाठ पडली ती चीन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांशी, जेथे मुली क्लबांच्या संघांतून महिनोन्‌महिने खेळतात. २०१९ मध्ये आठ संघांत आपण आठवे आलो, २०२१ मध्ये अम्मानला पुन्हा आठवे आलो आणि परत खालच्या श्रेणीत उतरलो. लोक म्हणाले, आपल्या मुलींची उंची कमी पडते. उंची कमी पडत असेलही. पण त्याहून सामने कमी पडतात, हे कोणी म्हणाले नाही.

आता हंगाम म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत स्त्रियांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग १९९७ पासून चालू आहे. नात मोबाइलवर ते सामने बघते. तिकडची रात्र म्हणजे आपला सकाळचा चहा, म्हणून मीही बघू लागलो. लास वेगास या शहराचा 'एसेस' नावाचा संघ आहे. २०२५ च्या हंगामात प्रत्येक संघाला ४४ सामने होते, मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, निम्मे आपल्या गावी आणि निम्मे परगावी. या संघाने २०२२ व २०२३ ही दोन्ही वर्षे विजेतेपद मिळवले होते. पण २०२५ मध्ये गाडी रुळावरून घसरली. २ ऑगस्टला मिनेसोटाच्या संघाने त्यांना त्यांच्याच गावात १११ विरुद्ध ५८ असे लोळवले. त्रेपन्न गुणांची हार! तोवरचा हिशेब चौदा विजय आणि चौदा पराभव. आमच्याकडे असे झाले असते तर चौकशी समिती बसली असती आणि कर्णधार बदलला असता.

त्यानंतर त्या संघाने उरलेले सोळाच्या सोळा सामने जिंकले. बाद फेरीत सिअॅटल आणि इंडियाना यांच्याशी अगदी निर्णायक सामन्यापर्यंत झुंजावे लागले. अंतिम लढतीत मात्र फीनिक्सला चारही सामन्यांत हरवून त्यांनी करंडक घेतला. ११ ऑक्टोबरच्या पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे, नात आणि मी दोघे तो शेवटचा सामना पाहत बसलो होतो. त्यांच्या आजा विल्सन या खेळाडूला त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान चौथ्यांदा मिळाला.

ही हकिकत मी ताईला फोनवर सांगितली. इतक्या वर्षांनी आमच्यात या खेळाचा विषय प्रथमच निघत होता, म्हणून मी जरा चाचरतच बोललो. त्रेपन्न गुणांच्या हारीपाशी आलो तेव्हा तिने मध्येच विचारले, "मग पुढचा सामना कधी होता रे?"

मी म्हणालो, "दुसऱ्याच दिवशी."

"मग बरं," ताई म्हणाली.

मी त्या दोन शब्दांवर पुष्कळ विचार केला. करंडकाची गोष्ट मी पुढे सांगितली, ती तिने ऐकली, पण तिला जे हवे होते ते तिला आधीच मिळाले होते. हंगाम म्हणजे पुढचा सामना. आज हरलो तरी उद्या, उद्या नाही तर रविवारी, पण पुढचा सामना ठरलेला आहे, तारीख छापलेली आहे, आणि त्या दिवशी बाकावर माणसे येणार आहेत. तिला जबलपूरचा सामना हरायचीही संधी मिळाली नाही. आणि आज तिच्या भावाच्या नातीला वर्षाला अकरा संधी मिळतात. त्रेसष्ट वर्षांत आपण एवढेच चाललो.

"अहो, ती अमेरिका आहे, तिथे पैसा आहे," असे वाचक म्हणतील. पैसा आहे हे खरे. पण केवळ पैशाने हे झालेले नाही. ती लीगही पुरुषांच्या श्रीमंत लीगच्या मांडीवरच वाढली, म्हणजे एका अर्थी राजाश्रयानेच. आणि तेथेही आश्रय कच्चा ठरला. ह्यूस्टनच्या 'कॉमेट्स' संघाने पहिली चारही विजेतेपदे, १९९७ ते २०००, आपल्याकडे ठेवली, तरी २००८ मध्ये तो संघ बंद पडला. होळकर संघाची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट. खेळाडूंचे पगारही दीर्घकाळ इतके बेताचे होते की हंगाम संपला की पुष्कळशा मुली युरोपात किंवा आशियात खेळायला जात. २०२५ च्या जुलैत तारांकित खेळाडूंच्या सामन्याआधी सर्व मुली 'आमचे देणे आहे ते द्या' अशा अर्थाचे शर्ट घालून मैदानात उतरल्या. सारे आलबेल आहे असे मुळीच नाही.

परंतु तिकडे आणखी एक गोष्ट होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आयोवा नावाचे त्यांचे एक शेतकरी राज्य आहे, मक्याचे आणि डुकरांचे. तेथे शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून भरते आहे. नियम जुने होते; एका बाजूला सहा-सहा मुली, तिघींनी चढाई करायची, तिघींनी राखण करायची, मधली रेघ ओलांडायची नाही. मुलींना फार धावणे झेपणार नाही या समजुतीतून निघालेला तो खेळ १९९३ पर्यंत चालला. पण लहान लहान गावांतील बाप, आजोबा, वाणी, न्हावी सगळे तिकीट काढून तो पाहायला जात. गावच्या मुलींचा संघ राजधानीत खेळायला निघाला की गाव ओस पडे. त्याच आयोवातून केटलिन क्लार्क ही मुलगी निघाली. २०२३ च्या ऑक्टोबरात तिच्या विद्यापीठाच्या मुलींचा सामना फुटबॉलच्या मैदानावर उघड्यावर ठेवला, तर पंचावन्न हजारांहून अधिक लोक आले. २०२४ मध्ये ती व्यावसायिक लीगमध्ये आली आणि प्रेक्षकांच्या झुंडी तिच्यामागे आल्या. जग म्हणते, एका मुलीने खेळाला प्रेक्षक मिळवून दिले. मला उलटे दिसते. शंभर वर्षे बाकांवर बसलेल्या प्रेक्षकांनी ती मुलगी दिली. याला मी लोकाश्रय म्हणतो.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१६ मध्ये महिलांच्या कबड्डीची तीन संघांची व्यावसायिक स्पर्धा झाली. त्यातील एका संघाची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे होती, आणि अंतिम सामना २४ विरुद्ध २३ असा एका गुणाने सुटला. याहून रंगतदार काय हवे? पण तो प्रयोग त्या एका मोसमापुरताच राहिला. त्याउलट क्रिकेटमध्ये २०२३ पासून स्त्रियांची लीग दरवर्षी भरते. सांगलीच्या, म्हणजे आपल्यासारख्याच एका संस्थानी गावातून आलेल्या, स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली बंगळुरूचा संघ पहिल्या वर्षी ओळीने पाच सामने हरला. दुसऱ्या वर्षी त्याच संघाने करंडक जिंकला. दुसरे वर्ष होते म्हणून तो जिंकला, एवढेच माझे म्हणणे.

बास्केटबॉलला क्रिकेटचे धन कोठून यायचे, हे मी सांगू शकत नाही. मी काही धनिक नव्हे, आणि मंत्र्यांना उपदेश करण्याचे माझे वय गेले. पण लोकाश्रयाची सुरुवात कोट्यवधींनी होत नाही. ती दहा-वीस माणसांनी होते. ज्या आमच्या घराण्यांनी नाटक कंपन्यांचे मुक्काम साजरे केले, ज्यांच्या आजोबांनी पदाला 'वन्समोअर' देऊन रात्री जागवल्या, त्यांना प्रेक्षक होण्याची कला कोणी शिकवायला नको. गावातील मंडळे गणेशोत्सवात गायनाच्या, वक्तृत्वाच्या स्पर्धा ठेवतात. शहरातल्या चार कॉलेजांच्या मुलींचे सामने दर महिन्याच्या एका ठरलेल्या रविवारी ठेवावेत, तारखा आधी छापाव्यात, आणि कोणी जिंको वा हरो, त्या तारखा मोडू नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे. भोपाळात होईल ते ग्वाल्हेरला, इंदूरला, देवासला का होऊ नये? मग भोपाळच्या मुली एका रविवारी इंदूरला जातील, इंदूरच्या येथे येतील. हंगाम याहून निराळ्या रीतीने कोठेच सुरू झाला नसेल.

आणि घरापुरते आणखी एक. नात पुढच्या वर्षी पदवीधर होईल. नोकरीचे अर्ज ती भरीलच, भरावेतच. रेल्वेत लागली तर मी पेढे वाटीन. पण त्यानंतर 'आता पुरे झाले' हा निरोप या घरातून पुन्हा कोणी घेऊन जाणार नाही. तो एकदा मी नेला आहे.

येत्या रविवारी सकाळी तिच्या संघाचा मैत्रीचा सामना आहे. जवाहर चौकातील बैठकीला त्या दिवशी सुट्टी नाही. बैठक मैदानाच्या कडेला भरेल. रेल्वेची चौकशी करणाऱ्या स्नेह्यांना मी निमंत्रण दिले आहे. ते म्हणाले, "अहो, मला त्यातले काही कळत नाही." मी म्हटले, "मलाही बेताचेच कळते. बसायचे, आणि चेंडू रिंगेत गेला की टाळी वाजवायची. पोहे माझ्याकडून."